डाव्या हाताने लिहिलेला अखेरचा ग्रंथ
पक्षाघातानंतरचे महात्मा फुले

देहू (प्रतिनिधी) : महात्मा जोतीराव फुले यांच्या चरित्रातील मुलींची शाळा, अस्पृश्यांसाठी खुला केलेला हौद, सत्यशोधक समाज आणि 'शेतकऱ्याचा असूड' हे टप्पे मराठी वाचकाला चांगले परिचित आहेत. त्या मानाने जुलै १८८८ पासून नोव्हेंबर १८९० पर्यंतचा त्यांचा अखेरचा कालखंड उपेक्षित राहिला आहे. पक्षाघाताचा झटका आला, उजवे अंग लुळे पडले, तरी त्यांनी डाव्या हाताने ग्रंथ लिहिला, एवढ्या एका वाक्यात बहुतेक पुस्तके हा काळ आटोपतात. शाळेतील भाषणांत तर हे वाक्य जिद्दीचा दाखला म्हणून येते आणि पुढच्या वाक्याला निधन होते. प्रत्यक्षात या एका वाक्यात आजार आहे, पैशाची चणचण आहे, घरातील शुश्रूषा आहे आणि जोतीरावांच्या साऱ्या विचारांचे सार ठरलेला एक ग्रंथही आहे.

तुकोबांच्या गावी या काळाची आठवण होण्यास कारण आहे. जोतीरावांनी आपल्या पद्यरचनेला 'अखंड' असे नाव दिले. अखंडाचा घाट अभंगाचा आहे आणि मराठी शेतकऱ्याच्या कानाला तो घाट देहूनेच लावला होता. सामान्य माणसाशी धर्माविषयी बोलायचे तर पंडिती छंद कामाचे नाहीत, हे जोतीरावांनी अचूक ओळखले होते. त्यांचे स्नेही तुकाराम तात्या पडवळ यांनी १८६१ मध्ये 'जातिभेद विवेकसार' लिहिला आणि त्याची दुसरी आवृत्ती १८६५ मध्ये जोतीरावांनी प्रसिद्ध केली. याच तुकाराम तात्यांनी १८८९ मध्ये आठ हजारांहून अधिक अभंगांची तुकोबांची गाथा छापून काढली. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव डाव्या हाताने आपला अखेरचा ग्रंथ पुरा करीत होते. हा योगायोग असला, तरी दोन मित्र एकाच वर्षी दोन वेगळ्या वाटांनी एकाच वाचकाकडे निघाले होते, असे म्हणता येईल.

गोऱ्हे ते फुले

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पेशवाईत फुले पुरविण्याच्या व्यवसायामुळे ते फुले झाले. आई चिमणाबाई लहानपणीच निवर्तल्या आणि सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांचा सांभाळ केला. १८४० मध्ये नायगावच्या सावित्रीबाईंशी विवाह झाला. मधल्या काळात सुटलेले शिक्षण वडिलांचे मन वळल्यानंतर स्कॉटिश मिशनच्या शाळेत १८४१ ते १८४७ या काळात पुरे झाले. लहुजी वस्ताद यांच्या तालमीत त्यांनी दांडपट्टा शिकून शरीर कमावले. पुढच्या आजाराचा विचार करताना ही तालीम लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि पुढील वर्षी पतिपत्नींना वडिलांचे घर सोडावे लागले. १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या उपस्थितीत सरकारने जोतीरावांचा सत्कार केला. १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह निघाले. १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला झाला. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली आणि २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन, १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड'. या यादीतील प्रत्येक नोंदीवर स्वतंत्र पुस्तके झाली आहेत. येथे तिचा उल्लेख एवढ्याचसाठी की, आजारी पडलेला माणूस चाळीस वर्षे अखंड राबलेला होता.

हा माणूस समाजसेवेच्या देणग्यांवर जगत नव्हता, हेही सांगायला हवे. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी या नावाने त्यांचा ठेकेदारीचा व्यवसाय होता. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल अशा बांधकामांशी त्यांचा संबंध आला. पुणे नगरपालिकेचे ते १८७६ पासून काही वर्षे सभासद होते. शहरात दारूची दुकाने वाढू देण्यास त्यांनी तेथे विरोध केला. मिळवलेला पैसा शाळांत, समाजात आणि पुस्तकांच्या छपाईत गेला. हात थांबताच उत्पन्न थांबावे अशीच ही घडी होती.

दोन महिन्यांचे अंतर

११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी कोळीवाड्यातील सभागृहात रावबहादूर विठ्ठलराव वंडेकर यांच्या पुढाकाराने जोतीरावांचा जाहीर सत्कार झाला आणि त्यांना 'महात्मा' ही पदवी अर्पण करण्यात आली. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी, जुलैमध्ये, पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली. वय एकसष्ट.

उजवी बाजू जाणे म्हणजे मेंदूच्या डाव्या भागाला इजा होणे. बहुतेक माणसांत वाचेचे केंद्र याच डाव्या भागात असते. फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये ते दाखवून दिले होते. म्हणून उजव्या अंगाच्या पक्षाघातात अनेकदा हाताबरोबर वाचाही जाते. शब्द आठवत नाहीत, वाक्य जुळत नाही. जोतीरावांनी त्यानंतर प्रश्नोत्तरांचा मोठा ग्रंथ रचला. अर्थ उघड आहे : हात गेला, भाषा शाबूत राहिली. मराठीच्या दृष्टीने हे भाग्यच म्हणायचे.

झटका नेमका कशामुळे आला, हे सव्वाशे वर्षांनंतर कोणी छातीठोकपणे सांगू नये. रक्ताच्या गुठळीने मेंदूची वाहिनी बंद होते किंवा वाहिनी फुटून रक्तस्राव होतो, या दोन्ही शक्यता असतात आणि बाहेरून पाहून त्यांतील फरक आजही खात्रीने करता येत नाही. त्यासाठी सीटी स्कॅन लागतो. त्याचा पहिला रुग्ण लंडनमध्ये १९७१ मध्ये तपासला गेला. रक्तदाबाचेही तसेच. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे साधन इटलीतील डॉ. रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये पुढे आणले. तोवर जोतीराव जाऊन सहा वर्षे झाली होती. तालमीत घडलेले शरीर, दारूला विरोध, सतत चालते-फिरते जीवन. वरवर पाहता हा माणूस पक्षाघाताचा रुग्ण वाटत नाही. परंतु वाढलेला रक्तदाब दिसत नाही आणि बहुधा दुखतही नाही, हीच त्याची लबाडी आहे. आपला रक्तदाब किती, हे जाणून घेण्याची सोय जोतीरावांना नव्हती. आज तो मोजायला मिनिटभर पुरते.

पक्षाघाताच्या कारणांचा सर्वांत विस्तृत शोध 'इंटरस्ट्रोक' या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने घेतला. भारतासह ३२ देशांतील सुमारे १३ हजार ४०० रुग्णांची तुलना तेवढ्याच निरोगी व्यक्तींशी करून २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पक्षाघाताच्या एकूण धोक्यापैकी जवळपास ९० टक्के वाटा बदलता येण्याजोग्या दहा घटकांचा असल्याचे त्यात दिसले. उच्च रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह, बैठे जीवन, आहार, पोटाभोवतीची चरबी, मानसिक ताण, हृदयविकार, मद्यपान आणि रक्तातील स्निग्ध घटक, असे हे दहा. त्यांत रक्तदाबाचा वाटा सर्वांत मोठा, जवळपास निम्मा.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मुंबईत डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ व २००६ अशी दोन वर्षे एका वस्तीतील दीड लाखांहून अधिक लोकांची नोंद ठेवली. दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे १४५ जणांना पहिला झटका येत होता आणि त्यांतील सुमारे ३० टक्के रुग्ण २८ दिवसांत दगावत होते. रुग्णांचे सरासरी वय ६६ होते. रुग्णालयात आलेले तेवढेच मोजायचे, अशी ही पाहणी नव्हती. घरोघरची माहिती घेतल्यामुळे तिचे मोल मोठे आहे. या आकड्यांशेजारी जोतीरावांचे उदाहरण ठेवले, की पहिल्या महिन्यातून ते तरले, हेच प्रथम नजरेत भरते.

डॉ. घोले यांचे उपचार

जोतीरावांवर उपचार केले ते डॉ. विश्राम रामजी घोले यांनी. पुण्याच्या शिवाजीनगर भागातील घोले रस्ता ज्यांच्या नावाने ओळखला जातो, तेच हे डॉक्टर. ते सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि जोतीरावांचे निकटचे स्नेही होते. मित्राला जगविण्यासाठी त्यांच्या हाताशी फारसे काही नव्हते. जर्मनीत रुडॉल्फ फिरखो यांनी गुठळी कशी होते व कशी वाहत जाते, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच मांडले होते. पण गुठळी विरघळविणारे औषध कोणापाशी नव्हते. ॲस्पिरिन बाजारात आले ते १८९९ मध्ये. पुढचा झटका टाळण्यास त्याचा उपयोग होतो, हे कळायला आणखी सात-आठ दशके जावी लागली. विश्रांती, सेवा, पथ्य आणि रुग्णाची उमेद, एवढाच १८८८ मधील डॉक्टरचा बटवा.

गुठळी विरघळविण्याचे औषध पक्षाघातात लागू पडते, हे १९९५ मध्ये अमेरिकेतील चाचणीने सिद्ध केले. तेव्हा तीन तासांची मर्यादा होती. २००८ मधील युरोपीय चाचणीनंतर ती साडेचार तासांवर गेली. २०१५ मध्ये एकापाठोपाठ प्रसिद्ध झालेल्या पाच चाचण्यांनी मोठ्या वाहिनीतील गुठळी नळीवाटे ओढून काढण्याची पद्धत प्रस्थापित केली. निवडक रुग्णांत ती २४ तासांपर्यंतही करता येते. मात्र प्रत्येक मिनिटाला मेंदूतील सुमारे १९ लाख चेतापेशी मरत असतात, त्यामुळे चोवीस तासांच्या भरवशावर कोणी थांबू नये. चेहरा वाकडा होणे, एक हात खाली पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी एकही लक्षण अचानक दिसताच १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे, एवढे पुरते.

अडचण येते ती इथेच. लकव्याचे औषध देणारी अमुक गावे आजही तोंडोतोंडी सांगितली जातात. मालिश करणारा आधी बोलावला जातो. चाकण-तळवड्याच्या कारखान्यांत रात्रपाळी करून पहाटे झोपलेल्या माणसाचा हात दुपारी उचलत नसेल, तर झटका केव्हा आला हे सांगायलाही खोलीत कोणी नसते. पिंपरीत महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय ज्या भागात आहे, त्याचे नाव संत तुकारामनगर. देहूपासून ते दूर नाही. अंतर रस्त्याचे नसून निर्णयाचे आहे. जोतीरावांनी आयुष्यभर ज्या अज्ञानाशी झुंज दिली, त्याचा एक अवशेष पक्षाघाताच्या रुग्णाच्या उशाशी अजून बसलेला असतो, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

हात आणि ग्रंथ

झटक्यानंतर थोडे सावरल्यावर जोतीरावांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला. एकसष्टाव्या वर्षी, आयुष्यभर न वापरलेल्या हाताने अक्षरे गिरविणे म्हणजे पुन्हा पहिलीत बसणे. हजारोंना अक्षर शिकविणाऱ्यावर ही वेळ यावी, यात दैवाचा काही क्रूर विनोद असावा.

पुनर्वसनाच्या शास्त्रात आज याविषयी एक वेगळाच विचार आहे. पक्षाघाताचा रुग्ण चांगल्या हाताने सारी कामे उरकू लागतो आणि त्यामुळे लुळ्या हाताला कामच मिळत नाही. तो न वापरण्याची सवय मेंदूला जडते. म्हणून अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी उलटी युक्ती काढली : चांगला हात मोज्यात बांधून ठेवायचा आणि दुबळ्या हाताकडून तासन्‌तास काम करवून घ्यायचे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २२२ रुग्णांच्या चाचणीत या पद्धतीने हाताची हालचाल सुधारल्याचे दिसले. अर्थात, दुबळ्या हातात थोडीफार हालचाल उरलेली असेल, तरच ती उपयोगी पडते. या दृष्टीने पाहता आजचा एखादा उपचारतज्ज्ञ जोतीरावांना डाव्या हाताने लिहू नका, असेच सांगता. त्यांनी ते ऐकले असते, असे वाटत नाही. त्यांना हात बरा करायचा नव्हता. पुस्तक संपवायचे होते आणि हाती किती वेळ आहे, हे ठाऊक नव्हते.

ते पुस्तक म्हणजे 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक'. १८८९ मध्ये ते लिहून झाले. सारी रचना संवादांची आहे. कोणी प्रश्न विचारतो, जोतीराव उत्तर देतात. प्रश्न करणाऱ्यांत त्यांचा दत्तक पुत्र यशवंतही आहे. सृष्टीचा एक निर्मिक, सर्व स्त्रीपुरुष जन्मतः समान हक्कांचे अधिकारी, धर्मग्रंथांपेक्षा सत्य वर्तन श्रेष्ठ, ही त्यातील मुख्य मांडणी. एकाच घरात पत्नी, पती, मुलगी आणि मुलगा यांनी आपापल्या मनाला पटेल तो वेगवेगळा धर्म स्वीकारावा आणि तरीही प्रेमाने एकत्र नांदावे, ही कल्पना त्यांनी याच ग्रंथात मांडली आहे. आज एकविसाव्या शतकातही ती वाचताना माणूस दचकतो. यापूर्वीच्या 'गुलामगिरी'त जोतीराव प्रामुख्याने मोडणारे आहेत. येथे ते बांधणारे आहेत. लग्न कसे व्हावे, मृत्यूनंतर काय करावे, माणसाने माणसाशी कसे वागावे, याची घडी ते घालून देतात. आजारपणाने त्यांचा आवाज मऊ केला, असे काही अभ्यासकांना वाटू शकते. ग्रंथ वाचल्यावर ते पटत नाही. धार तीच आहे, फक्त आता निरवानिरव करायची आहे, हे जाणवते.

निरवानिरवीची सुरुवात खरे तर आजाराआधीच झाली होती. १८८७ मध्ये जोतीरावांनी मृत्युपत्र करून यशवंतला वारस नेमले. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेच्या पोटी १८७४ मध्ये जन्मलेल्या या मुलाला फुले दांपत्याने आपले मानले होते. त्याला वारस करणे नातलगांना रुचणारे नव्हते. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी ज्ञानोबा ससाणे यांच्या कन्येशी यशवंतचा विवाह सत्यशोधक पद्धतीने झाला. अर्धे अंग गेलेल्या बापाने मुलाचे लग्न भटजीविना लावून दाखविले. ग्रंथात लिहिलेला विधी घरात आधी पार पडला, ही बाब त्या ग्रंथाची खरी प्रस्तावना ठरावी.

सावित्रीबाईंची शुश्रूषा

या काळात घर चालविले ते सावित्रीबाईंनी. रुग्णाला उठविणे, बसविणे, भरविणे, कूस बदलणे ही कामे कोणत्याही चरित्रात सविस्तर आलेली नाहीत. परंतु एका बाजूने लुळा पडलेला माणूस अडीच वर्षांच्या आसपास जगतो, लिहितो, मुलाचे लग्न लावतो, तेव्हा ती कोणीतरी रोज केलेली असतात. पक्षाघाताचे ओझे भारतात आजही मुख्यतः घरातील बायकाच वाहतात.

घरच्या या सेवेला शास्त्राची जोड देता येईल का, हा प्रश्न भारतातील एका मोठ्या चाचणीने विचारला. देशातील १४ रुग्णालयांतील १२५० रुग्णांवर झालेल्या 'अटेंड' या चाचणीत घरच्या माणसांना व्यायाम व शुश्रूषेचे शिक्षण देण्यात आले. २०१७ मध्ये निष्कर्ष आले ते निराश करणारे होते. शिक्षण मिळालेल्या आणि न मिळालेल्या दोन्ही गटांत सहा महिन्यांनी सुमारे ४७ टक्के रुग्ण मृत्यू पावलेले किंवा परावलंबी होते. प्रशिक्षित उपचारतज्ज्ञाचे काम घरच्या माणसावर सोपवून भागत नाही, असा त्याचा अर्थ लावता येतो. घरच्यांची सेवा व्यर्थ आहे, असा अर्थ कोणी काढू नये. पक्षाघातासाठीच्या स्वतंत्र कक्षात, डॉक्टर, परिचारिका व उपचारतज्ज्ञ एकत्र काम करतात तेथे रुग्ण अधिक संख्येने वाचतात आणि स्वावलंबी होतात, हे मात्र अनेक चाचण्यांनी दाखविले आहे.

पैशाची चणचण ही या घरातील दुसरी व्याधी होती. व्यवसाय बंद, औषधपाणी चालू. १८९० मध्ये मामा परमानंद यांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांना पत्र लिहून फुले दांपत्याची हलाखी कळविली आणि मदतीची विनंती केली. हयातभर कोणापुढे हात न पसरलेल्या माणसासाठी दुसऱ्याने शब्द टाकावा, इतकी वेळ आली होती. एका पक्षाघाताने खाऊनपिऊन सुखी घर कर्जात जाते, हे आज ज्यांनी पाहिले आहे, त्यांना गंज पेठेतील त्या वाड्यातील १८९० साल वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

दुसरा झटका

१८९० मध्ये पक्षाघाताने पुन्हा गाठले. एकदा झटका आलेल्याला दुसरा येण्याचा धोका मोठा असतो. तो टाळण्यासाठी रक्तदाबाची आणि रक्त पातळ ठेवणारी औषधे नियमाने घ्यावी लागतात. बरे वाटू लागले, की गोळ्या बंद करणे ही आपल्याकडची सार्वत्रिक सवय. ती मोडण्यासाठी देशातील ३१ केंद्रांतील ४२९८ रुग्णांवर 'स्प्रिंट इंडिया' ही चाचणी झाली. लघुसंदेश, चित्रफिती आणि पुस्तिका भारतीय भाषांतून देण्यात आल्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरात नव्या झटक्यांची संख्या घटली नाही. गोळ्या नियमित घेणारे आणि तंबाखू-दारू सोडणारे मात्र वाढले. एक वर्ष हा काळ कदाचित अपुरा असावा. जोतीरावांपुढे घेण्यासाठी गोळीच नव्हती.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेच्या वेळी दत्तक मुलाच्या अधिकाराला नातलगांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरले, त्या पुढे चालल्या आणि त्यांनीच अग्नी दिला, असे चरित्रकार सांगतात. मृत्युपत्राने जे यशवंतला दिले होते, त्याला समाजाने केलेला विरोध एका विधवेने अशा रीतीने निकालात काढला. जोतीरावांच्या अस्थी राहत्या वाड्याच्या आवारात ठेवण्यात आल्या. गंज पेठ आज महात्मा फुले पेठ या नावाने ओळखली जाते.

सावित्रीबाईंनी पुढे सत्यशोधक समाजाची धुरा वाहिली. यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये मायलेकांनी पुण्याजवळ रुग्णांची सेवा केली आणि त्या सेवेतच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई गेल्या. डाव्या हाताने लिहिलेला तो ग्रंथ त्याआधीच, १८९१ मध्ये, यशवंतने प्रसिद्ध केला होता. जोतीरावांना तो छापील रूपात पाहायला मिळाला नाही.